गुऱ्हाळ

दुपारी साडेतीनला दंडावरचा सेन्सर : तीनशे बारा.
खाल्लं काय? काहीच नाही.
डबा अजून ड्रॉवरमध्ये, भाकरी तशीच.

फक्त शिरोलीहून फोन आला होता,
कास्टिंगचा लॉट परत पाठवतोय म्हणून,
आणि मी "होय साहेब" म्हणाले, चार वेळा.

तेवढ्यावर आत कुणीतरी चुलवाण पेटवलं.
ऊस नाही, चरक नाही,
काहील मात्र रटरटायला लागली.
यकृताला वाटलं, वाघ आलाय,
पळायला गूळ लागेल हिला.
मी खुर्चीतच.

डॉक्टर शिरगुप्पे वहीवर बोट ठेवतात,
"इथं काय खाल्लं होतं?"
वहीत 'बोलणी' असा रकाना नाही.

अकराव्या वर्षापासून सुई. सोळा वर्षं झाली.
एका भाकरीला किती युनिट, झोपेत सांगेन.
एका "होय साहेब"ला किती?

संध्याकाळी रंकाळ्याला एक फेरी मारली,
मग अजून एक. चप्पल करकर वाजत होती.
भेळगाडीवरच्या जैबूनं चेहरा बघितला,
काही विचारलं नाही,
बिनसाखरेचा चहा पुढं केला.
एकशे अठ्ठ्याऐंशी.
उतरतंय.

पहाटे तीनला पुन्हा चढेल कदाचित.
माझा गुळव्या झोपत नाही.