अक्षराला चार रुपये

शुक्रवारी खडेबाजारात माझं शटर अर्धंच वर होतं,
तेवढ्यातनं वाकून इनास बारदेसकर आत आला.
लोंढ्याचा. लग्नात ट्रम्पेट वाजवतो.
वरच्या ओठावर तो जुना गोल घट्टा.

"एक कप पाहिजे बघ. मोठा नको."
क्रिकेटचा? कबड्डीचा?
कुस्तीचा असला तर गदा पडून आहे, निम्म्या भावात देतो.
"गाण्याचा," म्हणाला.

खिशातनं कागद काढला, चौकटीच्या वहीचा.
मारिसोल इबारा.
काल रात्री, म्हणजे त्यांच्याकडं रात्र,
आपल्याकडं दूधवाला येऊन गेला होता,
तिनं एका बैठकीत नऊ बक्षिसं नेली.
आधीचा विक्रम सहाचा, तोही तिचाच.
लॅटिन गाण्यात एवढी कुणी नेली नाहीत,
ना बाई, ना बाप्या.
पुतणीच्या मोबाईलवर हा पहाटे पाचपासून मोजत बसलेला,
मटक्याचा आकडा बघावा तसा.
नाही, तसा नाही.
बहिणीच्या लग्नात उठलेल्या पंगती मोजाव्यात तसा.

"तुला कळतं ती काय म्हणते?"
"एक अक्षर नाही की ओ."
खरं तिची ती चाल,
दोन पायऱ्या चढून तिसरीवर थबकणारी,
त्यानं नंदगडला वाजवली आहे, हुक्केरीला, संकेश्वरला,
घोड्याच्या तोंडासमोर,
जनरेटर बंद पडल्यावर काळोखात,
आणि एकदा कणकुंबीच्या वाटेवर
वरात चुकून दुसऱ्याच मांडवात शिरली तेव्हा
दोन्हीकडचे पाहुणे हातघाईवर येऊ नयेत म्हणून
सलग पाऊण तास.
मराठी वऱ्हाड नाचलं, कानडी वऱ्हाड नाचलं,
नवरा इकडचा नवरी तिकडची, तेही नाचलं.
कुणी विचारलं नाही ही भाषा कुठली.
ह्या जिल्ह्यात!
जिथं चहाच्या गाड्यावरच्या पाटीतलं
कुठलं अक्षर केवढं
हेसुद्धा कुणीतरी पट्टी लावून बघून जातं.

मी दर सांगितला. अक्षराला चार रुपये.
इंग्रजी लिपीत तेरा अक्षरं, बावन्न.
मराठीत सात, अठ्ठावीस.
"आणि कन्नडमधे?"
मी बोटांवर मोजलं. परत मोजलं.
सातच.
आम्ही दोघं जरा वेळ त्या साताकडं बघत बसलो.
बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारत होता.

"रेघेला काय घेतोस?"
रेघेला कोण पैसे घेतं?
"मग नाव राहू दे. नऊ रेघा मार.
उभ्या. जवळजवळ. खरं
उजवीकडं जागा सोड.
ती काय थांबणारी बाई नव्हे."

पितळी पट्टीवर कोरणी टेकवली.
सहावी रेघ जराशी तिरकी गेली,
तो काही बोलला नाही, मीही नाही.
भुगा फुंकताना विचारलं,
तू किती लग्नं वाजवलीस आजवर?
हसला. घट्टा ताणला गेला.
"मोजली असती तर वाजवलं कधी असतं?"

कप कुठं पाठवणार, मी विचारलं नाही.
एवढ्याशा कागदावर नाव मावतं, पत्ता नसतो.
परवा कॅम्पातनं येताना त्यांची बँडगाडी दिसली,
दिव्यांच्या माळेखाली, बॅटरीच्या डब्यावर
कप तारेनं बांधलेला.
एक पोरगं रेघा मोजत होतं आणि बापाला विचारत होतं
ह्यांनी हे कशात जिंकलं.

बाप म्हणाला, पळण्यात असेल.

इनासनं ऐकलं असणार.
गालात वारा भरला,
एक पायरी, दुसरी,
आणि तिसरीवर