खडूच्या आत

रविवारी रिन्स्के गुडघे टेकून बसली,
एका हातात टेप, दुसऱ्यात खडू,
आणि आमच्या बैठकीच्या लाकडी जमिनीवर
तिनं नवं घर आखलं.

हे स्वयंपाकघर, चार पावलं.
इथं पलंग. हे दार, आत उघडणारं.
न्हाणीघराची भिंत सोफ्याच्या पोटातून गेली
तेव्हा ती जरा थांबली, सोफ्याकडे पाहिलं,
आणि रेघ पुढे नेली.
"आठ दिवस आत राहून बघू," म्हणाली,
"नाहीच जमलं तर पुसता येईल."
कागदांवर आम्ही दोघांनी सही केली होती.
ती काही पुसता येणार नव्हती.

एकेचाळीस वर्षं हार्लिंगनच्या कालव्यावर
मी पूल उघडला, पूल मिटला.
गळाच्या काठीला लाकडी जोडा बांधून
जाणाऱ्या बोटींपुढे धरायचो,
लोक त्यात नाणी टाकायचे.
कोणाला किती जागा लागते
ते मला नुसत्या नजरेनं कळायचं:
डोलकाठीची उंची, पोटाचा घेर,
कोण खेटून निघेल, कोण अडकेल.
स्वतःचं माप मात्र
कधी घ्यावं लागलं नव्हतं.

पहिल्या रात्री मी चारदा भिंतीतून गेलो.
रिन्स्के हसली नाही.
"आता तू शेजारणीच्या बाथटबात उभा आहेस,"
एवढंच म्हणाली, कूस बदलून.

बुधवारपासून रेघेबाहेरचं घर
परक्यासारखं वागू लागलं.
वरचा मजला तर परगावच.
चष्मा आणायला वर जाताना
मी चक्क कोट घातला.

आमचा जिना म्हणजे शिडीच, दोर धरून चढायची.
म्हणून तर छपराच्या टोकाला लोखंडी आकडा.
तिच्या आईचं ओकचं कपाट त्यावरूनच आलं होतं,
आभाळात गिरक्या घेत, खिडकीतून आत,
आणि खाली दाउवे बोंबलत होता,
सोडू नका रे, सोडू नका!

शुक्रवारी ते आल्या वाटेनं उतरलं.
अर्ध्यावर त्याचं दार उघडलं
आणि माझ्या पायाशी काहीतरी आदळलं:
योरितची लहानपणची स्केट, एका पायाची.
दुसरी आम्ही कधीच देऊन टाकलेली,
जोडी मोडली म्हणून.
योरित आता सत्तेचाळीसचा, दोर त्याच्याच हातात होता.
त्यानं वरून विचारलं, "काय पडलं?"
"काही नाही," मी म्हणालो,
आणि ती कोटाच्या खिशात घातली.
खिसा अजून तिथं फाटलेला आहे.

राहता राहिलं संडासातलं वाढदिवसांचं कॅलेंडर.
आमच्याकडे ते तिथंच टांगतात,
बसल्या बसल्या माणसं आठवावीत म्हणून.
त्यात वार नाही, साल नाही,
त्यामुळे ते जुनं होत नाही.
दाउवे, सोळा मार्च.
त्याला जाऊन बारा वर्षं झाली.
रिन्स्के नावं खोडत नाही.
"नव्या घरात छोटं आणू," मी सुचवलं,
"जिवंतांपुरतं."
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
की पूल वर उचललेला असताना
मी पायी निघालोय त्यावरून.

शेवटच्या संध्याकाळी सगळं गेलं, रेघा राहिल्या.
रिकाम्या खोलीत ते घर
अंगणातल्या लंगडीच्या चौकटीएवढं दिसत होतं.
ओलं फडकं घेऊन मी वाकलो.
न्हाणीघर पुसलं. पलंग पुसला.
दाराशी पोचलो तर रिन्स्के आतच उभी,
डोक्याला रुमाल, बगलेत कॅलेंडर.
"थांब," म्हणाली, "मला आधी बाहेर येऊ दे."

आणि मग तिनं हात पुढे केला,
मूठ मिटली,
दार आपल्याकडे ओढून घेतलं,
एक पाऊल मागे सरून
त्याला उघडायला जागा दिली.