दोनशे चौदावी

लापेनरान्ता. फेब्रुवारी. नऊ वाजता जेमतेम उजाडतं.
इर्मेली पुक्किला हातमोजे चढवते,
काचेवरच्या पांढऱ्या पटावर अमाइनचं पाणी ओतते,
दोन मिनिटं थांबते,
रबरी रुळानं जादा थेंब निपटून काढते.
मग वरून हेक्झेन, त्यात विरघळलेलं दुसरं द्रव्य.

तेल आणि पाणी. एकमेकांचं तोंड न पाहणारे.
पण सीमेवर रेणू हात लांबवतात
आणि धरलेला हात सोडत नाहीत.
एका श्वासात साय धरते.
धरली, की तीच पुढचं धरणं थांबवते.

ओत्सो नवीन आहे. विचारतो, भोक केवढं?
भोक नाही रे. ही चाळणी नव्हे.
साखळ्या झोपेत कूस बदलतात,
तेव्हा क्षणभर जी फट पडते
तिच्यातून मेथॅनॉल निसटतं.
औषधाचा रेणू रुंद खांद्यांचा, तो दारात अडतो.
झोप किती गाढ असावी, तेवढंच आपल्या हाती.

तिचे वडील कागदाच्या कारखान्यात होते.
वेगळं करायचं म्हणजे उकळायचं,
एवढंच त्यांना ठाऊक. चाळीस वर्षं वाफ.
कोटाला शिळ्या कोबीचा वास.
आई तो कोट वर्षभर, बर्फातसुद्धा,
बाहेरच्या खुंटीला टांगायची.

दोनशे सहावी बरी होती, घडी पडली.
दोनशे नववी कोरड्या हवेत तडकली.
दोनशे बारावीतून काहीच जाईना, तीन दिवस,
जणू भिंतच विणली होती.

आता दाब दहा. वर नारिंगी रंग, खाली रिकामी कुपी.
पहिला थेंब. स्वच्छ.
दुसऱ्याला चार मिनिटं लागतात.
तिसरा.
ओत्सो खुर्चीतून अर्धा उठलेला,
आणि चौथ्या थेंबात, पांढरा कागद मागे धरला तर,
अगदी फिकट, संत्र्याच्या सालीची आठवण व्हावी इतपत.

भिंगाखाली उत्तर सापडतं.
सायीखाली अडकलेला एक आखूड तुकडा, रुपेरी.
केसानं गळा कापला म्हणतात, तो असा.

इर्मेली हसत नाही. चिडतही नाही.
वहीत लिहिते: २१४. केस. माझा.
खिडकीबाहेर साइमा सरोवर गोठलेलं,
त्यावर कुणी भोक पाडून
मासा लागायची वाट बघत बसलंय.

ती नवी काच पुसायला घेते.
ओत्सो टोपी शोधायला जातो.