दोन टाके

बिशपच्या गावाहून तिघं आले, बोटीनं.
एकाजवळ वही, एकाजवळ रुमाल,
तिसऱ्याला समुद्र बाधला होता, तो गप्पच.
"सिल्वेरिओ, जोडे शिवणारा तूच ना?
पाद्री बेलार्मिनोंचा एखादा चमत्कार पाहिलास?"

मला बुटांपलीकडचं कळत नाही, म्हटलं.
आमच्या बेटावरचा दगड काळा, डोंगरानं ओकलेला,
तो तळ खातो, उंदरासारखा, कडेकडेनं.
कुणाचाही बूट उलटा करून द्या,
माणूस कुठं कुठं गेला ते सांगतो.

त्याच्या टाचेला तांबडी माती असायची.
ती फक्त वरच्या कड्यावर,
जिथं देओलिंदा एकटी राही
आणि जिच्या दारावरून जाताना गाव थुंके.
शिवणीत देवमाशाची चरबी, धक्क्यावरची.
आणि पुढची टोकं पार गेलेली.
चालून टोकं अशी जात नाहीत,
गुडघे टेकून फार वेळ राहिलं की जातात.

वहीवाल्यानं हे लिहून घेतलं.

प्रवचन? ते त्याला कधी जमलं नाही.
मध्येच विसरायचा आणि खिडकीतून समुद्र बघत राहायचा,
आम्हीही बघायचो.
पापं ऐकता ऐकता झोपायचा.
अमान्सिओ सांगतो, "मी बिनघोर बोलत होतो,
खरं ते आलं, आणि आतलं घोरणं थांबलं."

आता त्याच्या झग्याचे तुकडे घरोघरी आहेत.
सगळे जोडले तर
तीन पाद्री झाकतील.
बाळंतिणीच्या उशाशी एक, होडीच्या नाळेत एक.
देओलिंदाकडे मात्र नाही. मागायला ती गेली नाही.

एक गोष्ट मी वहीला दिली नाही.

माझा झेफेरिनो बुडाला त्या वर्षापासून
मी चर्चची पायरी चढलो नव्हतो.
घंटा झाली की ऐरणीवर हातोडा मारत बसायचो,
खिळा नसला तरी.
तो बोलवायला आला नाही.
दर गुरुवारी बूट घेऊन आला.
"टाके उसवलेत, सिल्वेरिओ."
स्टुलावर बसायचा, एक पाय उघडा,
मोज्यातून अंगठा बाहेर.
मी शिवायचो. तो काही बोलायचा नाही.

झिजलेला दोरा केसाळ असतो, त्याचं टोक फुटतं.
कापलेला दोरा सरळ असतो.
पहिल्याच गुरुवारी मला कळलं होतं.
दोन टाके, चाकूनं, नीट मोजून.
अकरा वर्षं मी ते शिवत राहिलो,
अकरा वर्षं त्याला बोललो नाही की मला ठाऊक आहे.
त्यालाही ठाऊक असेल, मला ठाऊक आहे ते.
कुणी कुणाला फसवत नव्हतं.

गेल्या महिन्यात त्याला कबरीतून काढून
वेदीखाली आणलं, काचेत.
राजधानीतून नवे बूट आले,
चकचकीत, एका पावलाचाही डाग नसलेले.
घालायला मलाच बोलावलं.
पायरी चढलो. गुडघे दुखले.
सगळे मेणबत्त्या लावण्यात गुंतले होते,
काच बसायला अजून वेळ होता.
खिशातली रापी काढली
आणि डाव्या बुटाचे दोन टाके कापले.

आज गुरुवार.
स्टूल पुसून ठेवलंय.