टाचण्या

सेंट जॉन्स वुड, लंडन. नोव्हेंबर.
काचेच्या छपरातून उजेड इतका पातळ येतो
की ग्लॅडविन साहेब बजावतात,
वीस मोजेपर्यंत पापणी हलवायची नाही.
समोरचे चित्रकार हलत नाहीत.
भाड्याच्या मखमलीत शिरून ते
तीनशे वर्षं मागे जाऊन बसलेले असतात.
कुणी व्हेनिसचा सरदार, कुणी फ्लँडर्सचा सावकार.
खाटकाची उधारी मात्र सगळ्यांचीच.

माझं काम पाठीमागचं.
डगला एकच, कुणाच्याच मापाचा नाही.
थर्कल साहेबांचं पोट सुटलंय,
त्यांना तो मागे वीतभर उघडाच राहतो.
किडकिडीत असेल त्याच्या पाठीवर
चुण्या घेते, टाचण्या मारते.
कॅमेऱ्याला पाठ दिसत नाही.
मला दिसते इतिहासाची पाठ.
कापराचा वास येतो तिला.

आणि गळ्याची झालर:
कांजीत बुडवून, तापल्या सळीवर एकेक घडी.
मान ताठ राहते ती घराण्यामुळे नव्हे.

जॅबेझ ऑस्टविक तीनदा बसला.
मे महिन्यात चार टाचण्या लागल्या,
ऑगस्टात नऊ.
नोव्हेंबरात मी मोजायचं सोडलं.
वीस आकडे त्याने खोकला गिळून धरला,
डोळे भरून आले,
आणि साहेब खूश: काय तेज आहे नजरेत!

फेब्रुवारीत त्याची आई आली,
लिंकनशरहून, तिसऱ्या वर्गाने,
ओल्या लोकरीची शाल घट्ट धरून.
फोटो खिडकीशी नेला.
छान आहे, म्हणाली. कोण हा?
मग, जरा वेळाने:
त्याच्या स्वतःच्या कोटातला नाही का एखादा?

साहेबांनी खण उघडले. मिटले.

डाग होता त्याच्या मानेवर, म्हणाली,
डावीकडे, मसुराएवढा.
आणि अंगठ्याने ती कागदावरची झालर
खाली सारू लागली.

मी कांजी कडक घालते.

बाई, आहे तो, मी म्हटलं. आत आहे.
मीच झाकलाय.

तिने माझ्या बोटांकडे पाहिलं,
टाचण्यांनी टोचून खरखरीत झालेल्या,
बराच वेळ.
फोटो शालीत गुंडाळला. पैसे किती, विचारलं.

धुक्याच्या दिवसांत नंतर कुणी बसलंच नव्हतं.
सोमवारी झालर धुवायला काढली.
आतल्या कडेला पिवळी रेघ,
डावीकडे जरा गडद, की मलाच तशी वाटली.
साबण हातात धरून उभी राहिले.
पाणी निवलं, पुन्हा तापवलं.

गुरुवारी कुणी डच दर्यासारंग यायचा होता.