पुट डाउन

ग्रिम्सबीच्या मासळी कारखान्यात
रात्रपाळी करणारा टेसफालेम
वहीत लिहितो: पुट डाउन, म्हणजे खाली ठेवणे.
क्रेट ठेवतात, पेन ठेवतात,
झोपलेलं बाळसुद्धा ठेवतात म्हणे.

मंगळवारी घरमालकीण विनिफ्रेड
जिन्यात उभी, हातात नुसता पट्टा.
"ब्रॅम्बलला आज पुट डाउन केलं."

तो म्हणाला, "बरं केलंत.
रोज उचलून जिना चढायचात,
हात भरून येत असतील."

ती बघतच राहिली.
मग पायरीवर बसली,
पट्टा बोटांना गुंडाळत.
"हो रे. जड झाला होता."

वहीतल्या त्या ओळीपुढं अजून कोरंच आहे.

हल्ली बर्फातल्या हॅडॉकचं क्रेट
तो टेकवतो आवाज न होऊ देता,
आणि हात
लगेच काढून घेत नाही.