गुलाबी पाणी

राजारामपुरीत, बेकरीवरचा जिना चढून
हुपरीचा आदिनाथ नेजे आला. वय वर्षं सात.
वरच्या दोन दातांच्या मधे तिसराच एक,
आगंतुक, टोकदार.
शाळेत पोरं त्याला कुदळ्या म्हणत.

आई खुर्चीला टेकून म्हणाली,
"मॅडम, मागं शिबिरात गुलाबी पाण्यानं चूळ भरली,
तवा ओठ असा फुगला हुता, तळलेल्या वड्यावानी."
मी हसले.
मुंगी चावली असेल, म्हटलं.
फॉर्मवर अ‍ॅलर्जीपुढं 'नाही' लिहिलं,
माझ्या हातानं. अक्षर सुंदर आहे माझं.

जुबेदानं नेहमीसारखं
वाटीत क्लोरहेक्झिडीन ओतलं,
बोळा बुडवून त्याच्या ओठांभोवती
गोल फिरवला. दोनदा.
भुलीची सुई अजून झाकणातच होती.

आधी हनुवटीवर गांधी उठल्या,
मग गळ्यावर, मग कानामागं.
मग खोकला, कोरडा.
"माझा आवाज जाड झालाय," तो म्हणाला,
आणि खरंच, तो आवाज सात वर्षांचा नव्हता.

पुस्तकात ही ओळ होती.
उजव्या पानावर, तळाशी, बारीक टाइपात.
मला पान आठवत होतं.

मांडीत अ‍ॅड्रेनलिन. पाय वर. ऑक्सिजन.
जुबेदा त्याचं तोंड पुसत राहिली
नळाच्या पाण्यानं, पुन्हा पुन्हा.
खालून खारी भाजल्याचा वास येत होता.
साडेचार मिनिटं.
घड्याळ बघितलं म्हणून सांगते,
नाहीतर तासभर म्हटलं असतं.

रात्री सीपीआरच्या वॉर्डात बाप आला.
बोटांची टोकं चांदीच्या कामानं काळी.
मी वाक्यं जुळवून ठेवली होती:
दुर्मिळ आहे, हजारांत एखाद्याला,
कुणालाही आधी कळलं नसतं—
इथं माझीच जीभ अडली.
तो ऐकत होता, पोराच्या पायाचा अंगठा धरून.

"आमच्यात पैंजण उजळायला रिठं वापरत्यात,
कवा तेजाब," तो म्हणाला.
"पर आदी कसोटीवर घासून बघतोय, माल कुठला हाय.
डाग घरचा असू दे, न्हायतर गिऱ्हाइकाचा."
रागानं नाही. धंद्यातली गोष्ट सांगावी तसं.
मग चहा आणायला गेला,
माझ्यासाठीसुद्धा.

दात अजून तिथंच आहे.
पुढच्या महिन्यात काढू,
नुसत्या सलाईननं धुऊन, मोठ्या दवाखान्यात,
चाचणीचा कागद हातात आल्यावर.
फॉर्मवरचं 'नाही' मी खोडलं नाही.
त्याच्याखाली आईचं वाक्य लिहिलं,
तिच्याच शब्दांत, वड्यासकट.

आदिनाथ विचारतो,
"काढल्यावर दात मला देणार न्हवं?"
हो म्हणायच्या आधी
मी त्याच्या आईकडं बघते.